वाख आमचा, जोडा कोणाचा?

हिंगोली शहराबाहेर पहाटे पाच वाजता कोणत्याही रस्त्याला जाऊन उभे राहा. अकोला-नांदेड महामार्गाची कड असो की राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक १२ च्या बाजूचा रस्ता असो, अंधारात पोरे धावताना दिसतील. कोणाला पोलीस भरतीची १६०० मीटरची धाव वेळेत संपवायची आहे, कोणाला राखीव दलाची पाच किलोमीटरची. मुली ८०० मीटरसाठी घाम गाळत असतात. ही पोरे बहुतांशी भूमिहीनांची, ऊसतोड कामगारांची, मजुरांची. त्यांच्या पायातले बूट पाहा. आठवडी बाजारातून घेतलेले, वरून प्लास्टिकच्या धाग्याचे, खालून तळवा उचकटलेले. काहींच्या पायात तेही नाहीत.

या पायांना इतिहास आहे. पायात वहाण घालून सवर्णांच्या आळीतून जाण्याची ज्यांना मनाई होती, पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना ज्यांना वहाणा हातात घ्याव्या लागत, त्यांचीच ही नातवंडे आहेत. ज्यांनी गावाचे जोडे शिवले त्यांनाच जोडा घालण्याची बंदी करणारी ही व्यवस्था होती. म्हणून आमच्या वाचकांसमोर बुटाचा विषय आला की तो केवळ फॅशनचा विषय राहत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की जगाच्या बाजारात सध्या 'हिरव्या' बुटांची चर्चा जोरात आहे. हेम्प नावाच्या झाडाच्या धाग्यापासून केलेले स्नीकर आणि खेळाचे कपडे पर्यावरणाचे तारणहार म्हणून विकले जात आहेत. पॅटागोनिया या अमेरिकन कंपनीने १९९७ पासून हेम्पचे कपडे केले. आदिदासने १९९० च्या दशकातच हेम्पचा बूट बाजारात आणला होता, नाइकेने २००४ मध्ये आणला. आता लहान-मोठ्या अनेक कंपन्या यात उतरल्या आहेत आणि आपल्या देशातही हेम्पचे कापड, हेम्पच्या पिशव्या महागड्या दुकानांतून दिसू लागल्या आहेत. मुंबईत २०१३ साली सुरू झालेल्या बॉम्बे हेम्प कंपनीत पुढे रतन टाटांसारख्या उद्योगपतींनी पैसा गुंतवला. भांडवलदार उगाच पैसा गुंतवत नाहीत. म्हणून या विषयाकडे चळवळीनेही डोळसपणे पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आधी हे हेम्प म्हणजे काय ते समजून घेऊ. गांजा आणि हेम्प ही एकाच वनस्पतीची वाणे आहेत. फरक एवढाच की हेम्पच्या वाणात नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य नगण्य असते. अमेरिकेने २०१८ च्या कायद्याने ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी असलेल्या झाडाला हेम्प मानून त्याची शेती मोकळी केली. तीन-चार महिन्यांत हे झाड माणसाच्या डोक्यावर जाते. कापसापेक्षा पाणी कमी लागते, फवारणी कमी लागते. त्याच्या खोडाच्या सालीतून लांब, चिवट धागा निघतो. कापसाच्या फवारणीने काय होते हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारणारा माणूस कोण असतो, हे वाचकांना ठाऊक आहे. कमी विषाचे पीक येत असेल तर त्याचे स्वागत सर्वांत आधी शेतमजुराने केले पाहिजे.

परंतु जाहिरातीला भुलून चालणार नाही. स्नीकरचा वरचा भाग हेम्पचा असला तरी त्याचा तळवा बहुतेक वेळा रबराचा नाहीतर खनिज तेलापासून केलेल्या फोमचाच असतो. खेळाचे कपडे आजही मुख्यतः पॉलिएस्टरचे आहेत. जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॉलिएस्टरचा आहे, तर हेम्पचा वाटा एक टक्काही नाही. हेम्पचा धागा मुळात राठ असतो. अंगाला सोसेल असा मऊ करून कापसाच्या गिरणीत कातण्यासाठी त्यावर यंत्राची आणि रसायनांची प्रक्रिया करावी लागते. ती यंत्रे आणि ते तंत्र चीनने आणि युरोपातील काही देशांनी साधले आहे. म्हणजे झाड लावणे हा सोपा भाग. पैसा आहे तो प्रक्रियेत, विणकामात आणि बुटावरच्या शिक्क्यात. ही गोष्ट वाचकांनी मनात पक्की करावी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे.

आता कायद्याकडे पाहू. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्या झाडाची लागवड हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मात्र याच कायद्याच्या कलम १४ मध्ये धागा आणि बियांसाठी औद्योगिक लागवडीला परवानगी देण्याची सोय ठेवलेली आहे. त्या सोयीचा उपयोग करून उत्तराखंडने २०१८ मध्ये देशात प्रथम परवाने दिले. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. आपल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला परवान्याशिवाय असे एक झाडही लावता येत नाही. उद्या महाराष्ट्रात परवाने निघाले तर ते कोणाला मिळतील? ज्याच्या नावे सातबारा आहे, वकील आहे, मंत्रालयात ओळख आहे, त्याला. आणि कपाशीच्या ओळीत चार झाडे सापडली म्हणून तुरुंगात कोण जाईल? याचेही उत्तर आपल्याला ठाऊक आहे. एकच झाड एकाच्या हाती उद्योग ठरते आणि दुसऱ्याच्या हाती गुन्हा ठरतो.

पण हेम्पच्या परवान्याची वाट पाहत बसण्याचे आपल्याला कारण नाही. कारण हिंगोलीच्या मातीत आपले स्वतःचे हेम्प पूर्वापार आहे. इंग्रजांच्या शेतकी ग्रंथांत त्याला 'डेक्कन हेम्प', म्हणजे दख्खनचे हेम्प, असेच म्हटले आहे. आपण त्याला अंबाडी म्हणतो!

अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली नाही असे घर मराठवाड्यात सापडणार नाही. ज्वारीच्या, कपाशीच्या कडेला दोन ओळी अंबाडीच्या टाकायच्या ही इथली जुनी रीत. पावसाळ्याच्या आरंभी पेरायची, फुलावर आली की कापायची, पेंढ्या बांधून नदी-ओढ्याच्या, तळ्याच्या पाण्यात दोन-तीन आठवडे दगडाखाली दाबून ठेवायची. साल कुजून सुटली की ती सोलायची, धुवायची, वाळवायची. हाती येतो तो वाख. अंबाडी ही खऱ्या हेम्पच्या कुळातली नव्हे, ती भेंडीच्या कुळातली. पण धागा तसाच सालीतून निघतो, तसाच लांब आणि तसाच चिवट. जगात तिला केनाफ म्हणतात आणि टोयोटासारख्या मोटार कंपनीने तिच्या धाग्याचा उपयोग गाडीच्या दरवाजाच्या आतल्या भागासाठी केलेला आहे. या पिकाला नशेचा कायदा लागत नाही की परवाना लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. हा वाख काढत कोण होते आणि दोर वळत कोण होते?

मराठवाड्याच्या गावगाड्यात हे काम मांगवाड्याचे होते. कासरा, दावे, चऱ्हाट, वेसण, मोरकी, शिंके, मोटेचा नाडा हे सगळे मातंग समाजाच्या हातांनी वळले. पोळ्याच्या सणाला गावातल्या प्रत्येक बैलाच्या अंगावर नवी वेसण आणि नवा कासरा चढायचा, तो मांगवाड्यातून आलेला असायचा. त्याबद्दल मिळायचे काय? खळ्यावर उरलेले बलुते, सणाचे शिळे अन्न आणि वर जातीचा शिक्का. कुजलेल्या पाण्यात कमरेइतके उभे राहून सोलण्याचे काम, त्या पाण्याची घाण, हातापायाच्या कातडीचे हाल हे सगळे त्यांच्या वाट्याला. दोर गावाला चालत होता, दोर वळणारा हात विहिरीच्या काठाला चालत नव्हता! ज्या दोराने गावाची मोट चालली, त्या मोटेचे पाणी पिण्याचा हक्क दोर वळणाऱ्याला नव्हता. गावगाड्याच्या गुणगान करणाऱ्या विद्वानांनी या एका दोराचा हिशेब कधी मांडला आहे काय?

मांग-महारांच्या दुःखाचा हिशेब मांडला तो मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तिच्या नंतरच्या पिढ्यांनी दोर वळणे सोडले नाही, कारण सोडून जायचे कोठे? पुढे विहिरीवर इंजिन आले आणि मोट गेली. ट्रॅक्टर आला आणि बैल कमी झाले. नायलॉनचा दोर आला आणि वाखाचा दोर संपला. धंदा गेला त्याचे आम्हांस दुःख नाही. दुःख याचे आहे की धंदा गेला तेव्हा त्याच्या बदल्यात जमीन मिळाली नाही, गिरणी मिळाली नाही, शाळा धड मिळाली नाही. दोर गेला आणि हाती कोयता आला. हिंगोलीचे मजूर साखर पट्ट्यात ऊस तोडायला जातात, ते याच वाटेने.

येथे बाबासाहेबांचा विचार नीट समजून घेतला पाहिजे. जातिव्यवस्था केवळ कामे वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली रचून एकमेकांपासून तोडते, हे त्यांनी १९३६ मध्ये परखडपणे मांडले. जन्माने ठरलेला धंदा माणसाची आवडही पाहत नाही आणि कुवतही पाहत नाही. म्हणून त्यांनी घाणीची, अपमानाची, बलुत्याची कामे सोडण्याचा आदेश दिला. महार वतनाविरुद्ध १९२८ मध्ये त्यांनी कायदेमंडळात विधेयक आणले, ते याच भूमिकेतून. आणि ही कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले!

पण बाबासाहेबांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली आणि ती आपण पुष्कळदा विसरतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणखात्यात शिरू देत नसत. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, हे कारण. विणखात्यात पगार जास्त, म्हणून विटाळही तिथेच! १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. म्हणजे बाबासाहेब 'धाग्याला हात लावू नका' असे म्हणत नव्हते. गुलामीचा धागा टाका आणि पगाराच्या, हक्काच्या धाग्यावर दावा सांगा, असे ते म्हणत होते. १९१८ सालच्या त्यांच्या शेतीवरील निबंधातही हाच धडा आहे. शेतीवर पडलेला जादा माणसांचा भार उद्योगाकडे वळवल्याशिवाय शेतीचे दुखणे बरे होणार नाही, असे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते. हिंगोलीत मोठे कारखाने आजही बोटावर मोजण्याइतके. मग हे दुखणे बरे कसे होणार?

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून आजच्या हिरव्या फॅशनकडे पाहिले की धोका लक्षात येतो. उद्या एखादी कंपनी येईल. म्हणेल, तुमच्याकडे पारंपरिक ज्ञान आहे, तुमच्या हातात कला आहे, तुम्ही वाख काढा, दोर वळा, आम्ही बुटाला लावतो. मांगवाड्यातील एखाद्या आजीचा दोर वळतानाचा फोटो बुटाच्या खोक्यावर छापला जाईल. आजीला दिवसाची मजुरी मिळेल आणि बुटाची किंमत परदेशी चलनात लागेल. कालच्या बलुत्याला आज 'वारसा' म्हणायचे, एवढाच काय तो फरक! कुजलेल्या पाण्यात उभी तीच माणसे, वर मात्र पर्यावरणाचा बोर्ड.

हा आमचा कल्पनाविलास नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेची हुबेहूब नक्कल रंगमंचावर आणली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. वास्तविक कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांची ती मिळकत आहे. ओरड झाली तेव्हा कंपनीला मूळ कबूल करावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकच्या महामंडळाशी तिने करार केला. सुमारे ८०० युरोला एक जोड, असे २००० जोड विकण्याचे जाहीर झाले. आपल्या बाजारात हजार-दीड हजारात मिळणारी चप्पल! आता प्रश्न असा की त्या ८०० युरोंतले किती चर्मकाराच्या घरात जाणार? करारावर सही महामंडळाची, नाव कंपनीचे आणि सुई चर्मकाराच्या हातात. ओरड झाली नसती तर एवढेही झाले नसते, हेही तितकेच खरे.

आणखी एक अनुभव पाहा. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला आणि धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांच्या हातचे काम गेले. त्यानंतर सुधीर राजभर या तरुणाने जुन्या रबरापासून पिशव्या करणारा 'चमार स्टुडिओ' उभा केला. ज्या शब्दाची शिवी केली जाते तोच शब्द त्याने ब्रँड म्हणून मिरवला. एका तरुणाला जमले ते कौतुकाचे आहे. पण एका स्टुडिओने हजारो हातांचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी धोरण लागते, भांडवल लागते, संघटना लागते.

सरकारचे धोरण काय आहे? केंद्राने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना आणली. अठरा पारंपरिक धंद्यांना अवजारे आणि कर्ज देणारी ही योजना गुरू-शिष्य परंपरेच्या गोड भाषेत मांडली गेली. तमिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ती आहे त्या स्वरूपात राबवण्यास नकार दिला. अर्जदाराचे घराणे त्याच धंद्यातले असले पाहिजे ही अट काढा, असे त्यांचे म्हणणे होते. तमिळनाडूने जी गोष्ट ओळखली ती फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्राने ओळखू नये, ही शरमेची बाब आहे. चर्मकाराच्या पोराला चामड्यासाठीच कर्ज आणि मातंगाच्या पोराला दोरासाठीच कर्ज, हे चातुर्वर्ण्याचे बँकखाते झाले.

दुसरीकडे, त्याच केंद्र सरकारने १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पादत्राणे उद्योगासाठी वेगळी योजना जाहीर केली. तीत चामड्याबरोबर बिनचामड्याच्या बुटांचाही समावेश असून २२ लाख रोजगार निर्माण होतील असे सांगण्यात आले. म्हणजे खरा पैसा, खरे यंत्र आणि खरे कारखाने या योजनेत आहेत. मोठ्या परदेशी कंपन्यांचे बूट शिवणारे कारखाने तमिळनाडूत उभे राहत आहेत. एका हाताने परंपरेची छिन्नी-हातोडी द्यायची आणि दुसऱ्या हाताने कारखाना दुसऱ्याला द्यायचा, हा डाव आपण ओळखला पाहिजे. आपली मागणी या दुसऱ्या ताटात वाटा मिळण्याची असली पाहिजे.

हिंगोलीत काय होऊ शकते, ते आता व्यवहाराच्या भाषेत मांडतो.

पहिली गोष्ट जमिनीची. धागा जमिनीतून येतो आणि आपल्याकडे जमीन नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यात मराठवाड्यातील माणूस तुरुंगात गेला. त्या लढ्याच्या पुण्याईवर गायरानाचे तुकडे कसले गेले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले, तरी सातबाऱ्यावर नाव चढले नाही म्हणून हेलपाटे घालणारी माणसे गावोगाव आहेत. उलट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावे सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन देण्याची ती योजना. सरकारी दरात जमीन विकायला कोणी तयार नाही, हे कारण वर्षानुवर्षे पुढे केले जाते. अंबाडी हे कोरडवाहूचे, हलक्या जमिनीतही येणारे पीक आहे. पुढे केली जाणारी कारणे बाजूला ठेवून ही जमीन द्या, हे सांगण्याचा हा आणखी एक आधार आहे.

दुसरी गोष्ट यंत्राची. कमरेइतक्या घाण पाण्यात उभे राहून वाख काढण्याची पद्धत पुन्हा सुरू होता कामा नये. तशी ती सुरू होणार असेल तर आमचा या साऱ्याला विरोध राहील. पेंढ्या कुजवल्याने ओढ्याचे पाणी नासते, मासे मरतात, हेही खरे. मग त्याला पर्यावरणाचा धंदा कोणत्या तोंडाने म्हणायचे? ओल्या काड्यांची साल यंत्राने वेगळी करता येते आणि ती साल टाक्यांमध्ये कमी पाण्यात, कमी दिवसांत मुरवता येते. ज्यूट आणि तत्सम धाग्यांवर संशोधन करणारी बराकपूर येथील केंद्रीय संस्था या कामासाठीच आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या दाराशी आहे. हिंगोलीच्या हळदीसाठी राज्याच्या २०२२ च्या अर्थसंकल्पात १०० कोटींच्या संशोधन केंद्राची घोषणा झाली. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाला केंद्राने २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली. हळदीचे आणि विज्ञानाचे आम्ही स्वागतच करतो. पण आकाशातील लहरी ऐकण्याची सोय होऊ शकते, तर अंबाडीची साल काढणाऱ्या एका यंत्राची सोय का होऊ नये?

तिसरी गोष्ट मालाची. अंबाडीचा धागा हेम्पपेक्षा भरड. त्याचा बनियन होणार नाही, हे मान्य करूनच पुढे जावे. पण बुटात त्याला जागा आहे. स्पेन आणि फ्रान्समध्ये दोरीच्या तळव्याचे कापडी जोडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले जातात. त्यांचे ज्यूटचे तळवे आज बांगलादेशातून युरोपला जातात. वळलेली दोरी गोल गुंडाळून शिवली की तळवा झाला! ज्यूटचा जो तळवा होतो तो वाखाचा का होऊ नये, हे तपासून पाहण्यासारखे आहे. आतला सोल, सुती धाग्यात मिसळून केलेले वरचे जाड कापड, खेळाच्या पिशव्या, व्यायामाच्या चटया ही त्यापुढची पायरी. धावण्याच्या बुटाचा तळवा मात्र रबराचाच लागेल, तिथे हट्ट नको. मालाची नीट पारख करूनच उद्योग उभा राहतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मालकीची. अनुसूचित जातींच्या सहकारी औद्योगिक संस्थांना भागभांडवल आणि कर्ज देण्याची राज्याची योजना आहे. तिचा अनुभव कडू आहे. अनेक संस्था कागदावरच राहिल्या. सभासद आपले, सही आपली आणि पैसा पुढाऱ्यांच्या घरात. अण्णाभाऊ साठे महामंडळातील कोट्यवधींच्या गैरव्यवहाराने २०१५ मध्ये मातंग समाजाच्या तोंडचा घास कसा पळवला गेला हेही आपण पाहिले. लुटणारे नेहमी बाहेरचेच असतात असे नाही, हे चळवळीने कबूल करावे. म्हणून संस्था काढायची तर सभासदांनी हिशेब वाचता येईल इतकी लहान काढावी. बायकांना केवळ सोलणाऱ्या मजूर म्हणून न ठेवता निम्म्या भागधारक करावे. मालाला नाव संस्थेचे असावे आणि कंपनीशी करार करायचा तर विक्रीच्या किमतीत वाटा मिळेल असा करावा, किलोच्या भावाने नव्हे.

पाचवी गोष्ट मनाची. आमचे काही तरुण वाचक म्हणतील, दोर-जोड्यांच्या गोष्टी आता कशाला? आमची मुले संगणक शिकत आहेत, अधिकारी होत आहेत. खरे आहे, आणि तसेच झाले पाहिजे. ज्याला शिकता येते त्याने शिकावे, मांगवाड्यातील मुलगी वाखाकडे नव्हे तर विद्यापीठाकडेच जावी. परंतु जे मागे राहिले, कोयता घेऊन दरवर्षी गाव सोडतात, त्यांच्यासाठी चळवळीकडे काय कार्यक्रम आहे? आणि आपण म्हणतो तो कारखाना दोरकऱ्याच्याच पोराने चालवावा अशी अटही नाही. तो बौद्धाने, मातंगाने, चर्मकाराने, भटक्याने, आदिवासीने, गरीब मराठा-कुणब्याच्या पोराने मिळून चालवावा. धाग्याचा तंत्रज्ञ, यंत्राचा अभियंता, हिशेबनीस, विक्रेता ही सगळी पदे आपल्या शिकलेल्या मुलांची असावीत. त्या दिवशी वाखाची जात पुसली जाईल.

बौद्ध आणि मातंग यांच्यात भिंत घालण्याचे उद्योग पुष्कळ चालतात. त्यांना उत्तर पोचीराम कांबळे यांनी १९७८ सालीच देऊन ठेवले आहे. नामांतराच्या लढ्यात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या या मातंग माणसाने 'जयभीम' सोडला नाही आणि प्राण दिला. त्याच्या रक्ताची आठवण ठेवणाऱ्यांनी मातंग समाजाच्या पोटाचा प्रश्न आपला प्रश्न मानला पाहिजे. मिरवणुकीत एकत्र येणे सोपे आहे, भागभांडवलात एकत्र येणे अवघड. पण खरी एकजूट तिथेच दिसेल.

हेम्पचे बूट येतील, त्यांची लाट येईल आणि कदाचित ओसरेलही. फॅशनचा भरवसा कोणी धरू नये. पण मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीत येणारा, कमी विषाचा, परवाना न लागणारा धागा आपल्या हाताशी आहे, हे लाटेनंतरही खरे राहील. त्या धाग्याचे काय करायचे हे कंपनीने ठरवायचे की आपण, एवढाच प्रश्न आहे. कंपनीने ठरवले तर आपल्या वाट्याला पुन्हा घाण पाणी आणि खोक्यावरचा फोटो येईल. आपण ठरवले तर जमीन, यंत्र आणि मालकी यांची मागणी पुढे येईल.

येत्या खरिपापूर्वी हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा या पाचही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. आपल्या गावात स्वाभिमान योजनेची जमीन किती कुटुंबांना मिळाली, गायरान कसणाऱ्यांची नावे सातबाऱ्यावर आहेत की नाहीत, दोर वळता येणारी माणसे किती उरली आणि यंत्राचे काम शिकायला तयार तरुण-तरुणी किती, याची यादी करावी. ती यादी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे आणि कृषी विद्यापीठाकडेही जावे. निवेदन देऊन फोटो काढून परत येऊ नये, उत्तर घेऊनच यावे.

पहाटेच्या अंधारात धावणाऱ्या त्या पोरांच्या पायात आपल्याच संस्थेच्या शिक्क्याचा जोडा येईल, तेव्हा कोठे दोराचा जुना हिशेब चुकता होऊ लागेल. तोपर्यंत वाख आमचा आणि जोडा दुसऱ्याचा, हे आम्ही चालू देणार नाही.